पडल्या की पाडल्या? गिरणगावाची नावे आणि त्यांत उरलेला कामगार

मुंबईत गिरणगाव या नावाचे रेल्वे स्थानक नाही आणि महापालिकेचा विभागही नाही. पालिकेच्या कागदांवर हा परिसर ई, एफ दक्षिण आणि जी दक्षिण अशा अक्षरांत वाटला गेला आहे. तरीही लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी या वस्त्यांना एकत्र बांधणारे हे नाव मराठी बोलण्यात आणि लिहिण्यात पक्के रुजलेले आहे, आणि ज्या गिरण्यांवरून ते पडले त्या जवळजवळ सगळ्या थंडावल्यानंतरही ते टिकून आहे. एखाद्या औद्योगिक वस्तीचा उद्योग संपल्यावर त्या उद्योगाची आठवण कोणत्या नावाने ठेवली जाते, ते नाव कोण ठरवतो आणि त्या नावात कोण मावतो व कोण बाहेर राहतो, हे समजून घ्यायचे असेल, तर गिरणगावाइतके जवळचे आणि बोलके उदाहरण मराठी वाचकाला दुसरे मिळणार नाही.

हे नाव कोणी सरकारी आदेशाने दिलेले नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अफाट पैसा आला आणि त्यातील काही भाग नंतर गिरण्यांत गुंतला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत ताडदेव-भायखळ्यापासून दादरपर्यंत धुराड्यांची रांग लागली होती. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या जिल्ह्यांतून माणसे येत राहिली आणि पिठाच्या चक्कीसाठी वापरला जाणारा ‘गिरणी’ हाच शब्द या अजस्र कारखान्यांनाही लागला.

‘गाव’ हा या नावाचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गिरगाव, माझगाव, नायगाव ही एकेकाळची खरीखुरी गावे होती आणि शहर वाढता वाढता ती पोटात घेतली गेली. गिरणगाव मात्र शहरातच, शहराच्या उद्योगातून जन्माला आलेले गाव आहे. कामगार एकटा आला, तरी आपल्या गावच्या माणसांच्या खोलीत उतरला. गावकीच्या खोल्यांत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपले, एका पाळीचा कामावर गेला की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा आडवा झाला. पगार झाला की मनीऑर्डर गावी जायची, आणि शिमग्याला व गणपतीला माणूसही जायचा. कोकणात त्याला चाकरमानी म्हणत. वस्तीला ‘गाव’ म्हणण्यामागे ही राहण्याची रीत आहे. इंग्रजांच्या कागदांत हा केवळ गिरण्यांचा इलाखा होता. मराठीत तो गाव झाला, कारण तिथे नाती होती, देव होते, भजनी मंडळे होती आणि गावाहून आलेली भांडणेसुद्धा होती.

मालकाने दिलेली नावे आणि कामगाराच्या तोंडची नावे

गिरण्यांची मूळ नावे वाचली की ती ठेवणाऱ्यांचे जग डोळ्यांसमोर येते. अलेक्झांड्रा, व्हिक्टोरिया, एडवर्ड, क्राउन ही नावे साम्राज्याशी निष्ठा सांगणारी आहेत. नागपूरला जमशेटजी टाटांनी गिरणी सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजी. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले, तोच हा दिवस. म्हणून ती एम्प्रेस मिल. त्याच टाटांनी १८८६ मध्ये कुर्ल्याची बुडीत निघालेली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. केवळ नऊ वर्षांच्या अंतराने एकाच उद्योजकाने दिलेली ही दोन नावे शेजारी ठेवली, तर त्या काळातील बदलत्या हवेचा अंदाज येतो. मोरारजी गोकुळदास, मफतलाल, पिरामल अशी घराण्यांची नावे होती, आणि फिनिक्स, ज्युपिटर, अपोलो अशी परदेशी पुराणांतून आलेलीही होती.

कामगाराने ही नावे आपल्या जिभेला झेपतील अशी करून घेतली. ससून कुटुंबाच्या गिरण्या विसाव्या शतकात हस्तांतरित झाल्यावर त्यांना ‘इंडिया युनायटेड’ हे नाव आणि एकापासून सहापर्यंत क्रमांक मिळाले. दादरच्या समुद्राकाठची सहा नंबरची गिरणी लोकांच्या तोंडी ‘इंदू मिल’ झाली. या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भव्य स्मारक व्हावे यासाठी जे आंदोलन झाले, ते इंदू मिल याच नावाने झाले, २०१५ मध्ये स्मारकाचे भूमिपूजन झाले तेव्हा बातम्यांतही हेच नाव होते आणि आज सरकारी पत्रकांतसुद्धा इंदू मिल असेच लिहिले जाते. लोकांच्या तोंडचे रूप कंपनीच्या नोंदणीकृत नावावर चढून बसल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते.

सोलापुरात तर याहून साधी गोष्ट घडली. तिथली पहिली मोठी कापडगिरणी लोकांसाठी ‘जुनी मिल’ आहे. अर्थातच, ती सुरू झाली तेव्हा तिला कोणी जुनी म्हटले नसणार. नंतरच्या गिरण्या आल्या आणि मग ती जुनी झाली. म्हणजे त्या दोन अक्षरांत शहरात उद्योग कोणत्या क्रमाने वाढला त्याची नोंद आहे, आणि गिरणी बंद होऊन कित्येक दशके उलटल्यावरही त्या भागाला जुनी मिल म्हणणारा सोलापूरकर ती नोंद नकळत पुढे नेत आहे.

गिरणीच्या आतली भाषा याहून समृद्ध होती आणि ती अधिक वेगाने हरवत आहे. यंत्रमागाला साचा म्हणत आणि विणकामाच्या विभागाला साचाखाते. बॉबिन भरण्याचे ते कांडीखाते. कायम नोकरी नसलेला, रोज सकाळी गेटवर उभा राहून आज कोणी गैरहजर आहे का याची वाट पाहणारा तो बदली कामगार. माणसे कामावर घेणारा आणि म्हणून अवघ्या वस्तीवर वचक ठेवणारा जॉबर, म्हणजेच मुकादम. पाळी, खाडा, भोंगा हे शब्द मराठीत अजून आहेत, परंतु ‘माझा बाप बदलीत होता’ या वाक्यातील अनिश्चितता आजच्या तरुण वाचकाला समजावून सांगावी लागते. संग्रहालयात यंत्र ठेवता येते. त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा शब्द ठेवण्यासाठी तो आधी कोणीतरी नीट नोंदवून घ्यावा लागतो.

रस्ते आणि स्थानके

नामांतर हा महाराष्ट्रात सहज तापणारा विषय आहे, म्हणून तो थोडा शांतपणे पाहू. गिरणगावातील रेल्वे स्थानकांची नावे रेल्वेने आणि राज्यकर्त्यांनी ठेवली. एल्फिन्स्टन रोड हे मुंबईच्या एका गव्हर्नराचे नाव होते आणि करी रोड हे एका रेल्वे अधिकाऱ्याचे आहे. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. जुलै २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने मुंबईतील आणखी काही स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव केला. त्यात करी रोडसाठी लालबाग आणि कॉटन ग्रीनसाठी काळाचौकी ही नावे सुचवलेली आहेत.

लालबाग हे नाव करी रोडपेक्षा तिथल्या माणसाच्या अधिक जवळचे आहे, यात शंका नाही. कॉटन ग्रीनच्या बाबतीत मात्र मला थांबून विचार करावासा वाटतो. हे नाव कोणा साहेबाचे नाही. कापसाच्या गासड्या जिथे उतरवल्या आणि विकल्या जात ती मोकळी हिरवी जागा म्हणजे कॉटन ग्रीन. हा बाजार आधी कोटाच्या, म्हणजे आजच्या फोर्टच्या, आत होता, मग कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीकडे आला. जागा बदलत गेली तसे नावही बाजाराबरोबर प्रवास करत आले. मुंबईच्या कापड उद्योगाचा कच्चा माल स्वतःच्या नावाने उच्चारणारे उपनगरी रेल्वेवरील हे एकच स्थानक आहे. इंग्रजी शब्द आहे एवढ्याच कारणाने ते वसाहतीचे ओझे मानले, तर उद्योगाच्या इतिहासाची एक खूण आपण आपल्या हाताने पुसू. काळाचौकी हेही नाव चांगले आणि आपले आहे, परंतु त्यात कापूस नाही.

रस्त्यांच्या बाबतीत कामगार चळवळीला काही जागा मिळाली, हे नोंदवले पाहिजे. डिलाईल रोडला ना. म. जोशी यांचे नाव मिळाले. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू करणारे आणि १९२० मध्ये आयटक या अखिल भारतीय कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे असलेले ते जोशी. परळ-नायगावच्या रस्त्याला कामगार पुढारी गं. द. आंबेकर यांचे नाव आहे. तरीही डिलाईल रोडवर राहणारा माणूस आपला पत्ता सांगताना आजही डिलाईल रोड असेच म्हणतो, आणि कामगारांसाठी आयुष्य वेचलेल्या जोशींचे नाव पाटीवर व टपालात राहते. जेकब सर्कलचे अधिकृत नाव संत गाडगे महाराज चौक आहे आणि मोनोरेलच्या शेवटच्या स्थानकानेही तेच घेतले आहे, पण टॅक्सीवाल्याला सांगायचे ते सात रस्ता. नाव बदलण्याचा अधिकार सरकारचा असला तरी ते रुळवण्याची ताकद सरकारकडे नसते, आणि एखादे नाव का रुळते याचे गणित त्या नावाच्या थोरवीवर चालत नाही. ते रोजच्या वापरावर चालते. परळला ‘भारतमाता’ हे चित्रपटगृह बसथांब्यामुळे आणि मराठी चित्रपटांमुळे लोकांच्या तोंडी बसले, आणि ते गिरणीच्या जमिनीवर उभे आहे ही गोष्टही त्यासोबत ओघाने सांगितली जाते.

‘गिरण्या बंद पडल्या’ या वाक्यात काय लपते

आता मुख्य गाठीकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे साठ गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. त्याखेरीज एक मागणी कायद्याविषयी होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यताप्राप्त प्रतिनिधीचा दर्जा मिळतो आणि कामगारांच्या वतीने करार करण्याचा हक्क केवळ तिलाच असतो. मुंबईच्या कापड उद्योगात हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार कितीही मोठ्या संख्येने दुसऱ्या नेत्यामागे गेले, तरी कायद्याच्या लेखी बोलणी करायची ती याच संघाशी. हा कायदा बदला, असे संपकऱ्यांचे म्हणणे होते.

ही रचना समजल्याशिवाय त्या संपाची निरनिराळी नावे उलगडत नाहीत. सरकारदरबारी तो बेकायदा संप होता. वर्तमानपत्रांसाठी तो दत्ता सामंतांचा संप होता, म्हणजे एका माणसाने केलेला. कामगार वस्तीत तो ‘ब्याऐंशीचा संप’ आहे आणि काहींच्या लेखी तो अजून मिटलेलाच नाही, कारण तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. दीड वर्ष उलटता उलटता माणसे थोडीथोडी कामावर परतली, अनेकांना परत घेतले गेले नाही आणि अनेक जण गावी निघून गेले. संपाला सुरुवातीची तारीख आहे आणि शेवटची नाही. ज्या घटनेला शेवटची तारीख नाही तिचा स्मृतिदिन तरी कोणत्या दिवशी पाळायचा, ही अडचण खरी आहे.

यानंतर काय झाले, हे सांगताना मराठी माणसाला दोन क्रियापदांतून एक निवडावे लागते. ‘गिरण्या बंद पडल्या’ म्हटले, तर झाड पडावे किंवा पाऊस पडावा तशी ती आपोआप घडलेली गोष्ट होते आणि करणारा कोणी उरत नाही. ‘गिरण्या बंद पाडल्या’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो, की कोणी पाडल्या. एका कान्याचा हा फरक गेली चार दशके गिरणगावातील प्रत्येक वादाच्या तळाशी आहे. ‘पाडल्या’ म्हणणाऱ्यांतही एकमत नाही: कोणी संपाकडे आणि सामंतांकडे बोट दाखवतात, कोणी मालकांकडे, तर कोणी सरकारच्या धोरणाकडे. सरकारी भाषेने यात तिसरा शब्द आणला. १९८५ च्या कायद्याने तोट्यातील उद्योगांना ‘आजारी’ म्हणायला सुरुवात झाली आणि मराठीतही ‘आजारी गिरणी’ हा प्रयोग रूढ झाला. आजारपणाला दोषी कोणी नसतो.

मला स्वतःला एकाच कारणावर सारे ढकलणे पटत नाही. संपाच्या आधीपासूनच यंत्रे जुनी झाली होती, मालकांनी नफा पुन्हा गिरणीत घालणे कमी केले होते आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघू लागले होते. संपाने हा उतार अधिक तीव्र केला. परंतु उतारावर असलेली गिरणी पुन्हा उभी करावी की तिच्या खालची जमीन विकावी, हा निर्णय माणसांनी घेतला आणि तो जमिनीच्या भावाकडे पाहून घेतला. ज्या ठिकाणी निर्णय आहे तिथे ‘पाडल्या’ हेच क्रियापद मला व्याकरणाने आणि सत्यानेही योग्य वाटते.

जमिनीचा हिशेब येथे थोडक्यात द्यायला हवा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे ढोबळमानाने तीन भाग करायचे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेकडे, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आणि एक मालकाकडे. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली; ज्यावर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या तो भाग वाटणीतून सुटला. गिरणी म्हणजे बहुतांश इमारतच असल्याने लोकांच्या आणि कामगारांच्या वाट्याला येणारी जमीन अगदी थोडी उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. सुमारे सहाशे एकर जमिनीचे भवितव्य असे एका शब्दाच्या अर्थावर ठरले, आणि तो शब्द होता ‘मोकळी’.

मिलचे नाव उरते ते कसे

जमिनीवर जे उभे राहिले त्याच्या नावांत तीन रीती दिसतात. पहिली म्हणजे नाव समूळ जाणे: ज्युपिटर मिलच्या जागी कार्यालयांचा मनोरा आला आणि त्याला नव्या मालकाच्या कंपनीचे नाव मिळाले, श्रीनिवास मिलच्या जागी जगाचे नाव लावणारे टोलेजंग निवासी मनोरे आले. दुसरी म्हणजे नाव राहणे आणि अर्थ जाणे. १९०५ मध्ये सुरू झालेल्या फिनिक्स मिलचे नाव मॉलने घेतले आणि तिचे धुराडेही राखले, कोहिनूर मिलचे नाव दादरच्या उंच इमारतीला लागले, नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागी एम्प्रेस सिटी आली. नाव टिकले याचे मला समाधान वाटते. त्या धुराड्याखाली कोणत्या पाळीत किती माणसे कामाला होती हे सांगणारा मजकूर नाही, याचे वाईट वाटते.

तिसरी रीत सर्वांत बोचणारी आहे. शक्ती मिल हे नाव आज देशभर माहीत आहे ते २०१३ मध्ये त्या ओसाड आवारात झालेल्या सामूहिक बलात्काराच्या गुन्ह्यामुळे, आणि कमला मिल माहीत आहे ती २९ डिसेंबर २०१७ रोजी तिथल्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला त्यामुळे. नवीन पिढीला गिरणीचे नाव पहिल्यांदा ऐकू येते ते अशा बातमीतून. या दोन्ही ठिकाणी कापड विणले जात होते, ही गोष्ट मग त्या नावापासून पार तुटून जाते.

याच्या जोडीला घरबांधणीच्या जाहिरातींनी ‘अप्पर वरळी’ असा प्रदेश तयार केला, जो पूर्वी लोअर परळ होता. ‘लोअर’चे ‘अप्पर’ होणे ही साधी भौगोलिक गंमत नाही. परळ या उच्चारात कामगार वस्तीचा वास होता आणि घराची किंमत वाढवण्यासाठी तो काढून टाकणे कोणाला तरी आवश्यक वाटले.

जे आपल्या आठवणीतही नीट बसले नाहीत

आतापर्यंत मालक, सरकार आणि बाजार यांच्याविषयी लिहिले. परंतु गिरणगाव स्वतःविषयी जे सांगतो त्यातही गाळलेल्या जागा आहेत आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर त्या दाखवाव्याच लागतात. एकजूट, शाहिरी, कामगार मैदानावरच्या सभा, एकाच नळावरचे पाणी अशी जी उबदार आठवण सांगितली जाते ती खोटी नाही, पण गिरणीच्या आत जात होती. साचाखात्यात पगार अधिक मिळे आणि त्या खात्यात दलित कामगारांना येऊ दिले जात नसे. कारण असे दिले जाई, की धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून काढावा लागतो आणि उष्ट्याचा विटाळ होतो. १९२८ चा सहा महिन्यांचा संप कामगार चळवळीच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो. त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि दलित कामगारांना विणकामात प्रवेश मिळाला पाहिजे असा आग्रह धरला. इंदू मिलच्या जागेवरील स्मारकात ही हकिगत सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तसे झाले तर गिरणीची जागा आणि बाबासाहेबांचे कार्य यांचे नाते त्या भूखंडापलीकडे जाईल.

दुसरी गाळलेली जागा बायकांची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरण्यांच्या काही खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्यांची संख्या घटत गेली आणि ‘गिरणी कामगार’ म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच यायला लागला. ज्या बायका चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांची खानावळ चालवत, त्यांना तर कामगार हे नाव कधीच मिळाले नाही, जरी त्यांच्या डब्याशिवाय एकही पाळी भरली नसती. संपाच्या काळात खानावळीची उधारी महिनोन् महिने थकली आणि तिचा भार या बायकांनी सोसला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या खानावळवाल्यांना संघटित केले आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. गिरणगावाच्या इतिहासात हे प्रकरण संपाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले जावे.

स्मारके: असलेली आणि न ओळखली जाणारी

शहराच्या मध्यवर्ती भागात कामगाराचा पुतळा आहे, तो हुतात्मा चौकात. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार तिथे जोडीने उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव रस्त्यावर उतरला होता, त्यामुळे कामगाराची ती जागा न्याय्यच आहे. परंतु तिथे त्याला मान मिळाला तो राज्यासाठी लढणारा म्हणून. बारा-बारा तास कापड काढणारा म्हणून त्याचे स्मारक गिरणगावात अजून उभे राहायचे आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतले आहे. ‘वस्त्रोद्योग’ या नावात वस्त्र आहे आणि उद्योग आहे. कामगार त्यात येतो की नाही, हे आत काय मांडले जाईल त्यावर ठरेल.

एक स्मारक मात्र आपण दर आठवड्याला वापरतो. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचे निवेदन तयार केले आणि त्यात आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. तेव्हापासून गिरणीला रविवार मिळाला. २००५ मध्ये टपाल खात्याने लोखंड्यांच्या नावाचे तिकीट काढले. रविवारी दुपारी जेवून आडव्या होणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल, असा विचार मनात येतो आणि शाळेच्या पुस्तकात हा धडा ठळकपणे असावा असे वाटते.

गिरणगावाचे कॅलेंडरही त्याच्या आठवणींचे ठिकाण आहे. चिंचपोकळी, गणेशगल्ली, लालबाग येथील सार्वजनिक गणपती १९२० ते १९३४ या काळात सुरू झाले आणि ते गिरणगावाच्या भरभराटीबरोबर वाढले. गिरण्या गेल्या, अनेक कुटुंबे कल्याण-डोंबिवली, विरार-नालासोपाऱ्याला गेली, तरी वर्गणीच्या यादीत त्यांची नावे राहतात आणि भाद्रपदात ती माणसे चाळीच्या दारात परत येतात. नायगाव, वरळी, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींपैकी शिवडीखेरीज अन्यत्र आता पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांची खोली जाऊन मोठे घर मिळणे ही रहिवाशांसाठी आनंदाचीच गोष्ट आहे आणि बाहेरून येऊन त्या खोलीविषयी हळहळ व्यक्त करण्याचा अधिकार मी मानत नाही.

शेवटी या सगळ्या नावांचा एक अगदी व्यावहारिक उपयोग सांगायचा आहे. बंद गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी कामगारांकडून अर्ज मागवले गेले, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा ही पात्रतेची अट होती. दीड लाखांहून अधिक अर्ज आले. २०१२ मध्ये म्हाडाची पहिली सोडत निघाली. घरे मात्र अर्जांच्या मानाने फारच थोडी होती. पुढे मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा कामगारांच्या संघटनांनी आम्हाला मुंबईतच घर द्या असे म्हणत विरोध केला. पात्रता सिद्ध करण्यासाठी जी कागदपत्रे लागतात त्यांत गिरणीचा पास, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड अशा वस्तू येतात. ज्यांचे मूळ कामगार वारले त्यांच्या मुलांनी आणि सुनांनी गावच्या घरातील ट्रंका उघडून ही कागदे शोधली. मळलेल्या त्या पासावर गिरणीचे नाव आहे, खात्याचे नाव आहे, माणसाचे नाव आहे आणि त्याचा तिकीट नंबर आहे.